आईला विचारून केलेला कायदा

आमच्या धाकट्याचा धंदा काय, हे आमच्या घरात कुणालाच कधी नीट सांगता आलं नाही. आधी तो निवडणुका लढवायचा, पण स्वतः एकदाही उभा राहिला नाही. भाषणं त्याची, घसा दुसऱ्याचा. पुढे तो धंदा सोडून त्याने दुसरा धरला. त्यात सरकारी इमारतीच्या गालिच्यावर दिवसभर उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मंत्र्यांना गाठायचं. आईने शेजारणीला सांगितलं, "तो आता लॉबिंग करतो." शेजारणीला वाटलं, हॉटेलात लागला. तिने विचारलं, "मग जेवण तिथेच का?" आई म्हणाली, "हो, दुपारचं बाहेरच असतं त्याचं." दोघींचं समाधान झालं.

मी त्याची थोरली बहीण. एका दातांच्या डॉक्टरांकडे भेटीच्या वेळा देते. आमच्याकडे माणसं तोंड उघडतात ती दुखतंय ते दाखवायला, त्यामुळे माझं आणि धाकट्याच्या धंद्याचं कधी जमलं नाही. पण तो आईचं शेंडेफळ. त्याच्याबद्दल घरात वाकडा शब्द काढायची सोय नव्हती, अजूनही नाही.

शाळेत वर्गप्रमुख निवडायचा होता तेव्हासुद्धा हा स्वतः उभा राहिला नाही. शेजारच्या बाकावरच्या एका मठ्ठ पोराला त्याने उभं केलं. "हा कुणाचंही नाव फळ्यावर लिहिणार नाही," एवढंच सगळ्यांना सांगितलं आणि त्याला निवडून आणलं. त्या पोराने पुढे वर्षभर सगळ्यांची नावं फळ्यावर लिहिली, धाकट्याचं सोडून. निवडून येणं हे एक खातं आणि त्यानंतरचं वागणं हे दुसरं, आणि त्या दुसऱ्याशी आपला संबंध नाही, हे धाकट्याला तेव्हाच कळलं असावं.

मोठा झाल्यावर त्याने याच कलेचं दुकान थाटलं. फर्निचरच्या गोदामावरचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलाटेबलावर चहाचे डाग, आणि भिंतीवर पांढरा पडदा. त्या पडद्यावर तो उमेदवारांना रंगीत आलेख दाखवी. "हजारो घरांत जाऊन आम्ही लोकांचं मन जाणून घेतलंय," असं बाह्या कोपरापर्यंत दुमडून सांगे. उमेदवार माना डोलवत. आता ही हजारो घरं कुठली? घर एकच होतं, आणि त्यात मी राहते.

आमचं घर सहाव्या मजल्यावर. इमारतीमागे बाग आहे, बागेत एक बाक आहे. लिफ्टची मर्जी असेल त्या दिवशी आई दुपारी खाली उतरायची आणि बाकावर जाऊन बसायची. सोबतीला औषधवाल्याची सासू आणि पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई. या तिघींना ठाऊक नाही अशी गोष्ट आमच्या रस्त्यावर घडत नसे, आणि घडलीच तर ती त्यांना विचारून घडावी असं त्यांना वाटे. आई वर आली की धाकट्याचा फोन ठरलेला.

"आई, ऐक हं. 'सर्वसमावेशक समृद्धीकडे वाटचाल.'"

"कुणाची वाटचाल?"

"सगळ्यांची."

"माझे गुडघे दुखतात रे. मी नाही येत."

ते वाक्य केराच्या टोपलीत जायचं.

"बरं, मग 'नळाला पाणी, ठरल्या वेळी'?"

"किती वाजता?"

हे मात्र वेळेसकट छापलं गेलं आणि तो उमेदवार निवडून आला. पाणी यायचं तेव्हाच येत राहिलं. एखादं वाक्य अवघड वाटलं तर आई म्हणायची, "थांब, उद्या खाली विचारून सांगते." एवढ्या भांडवलावर आमच्या धाकट्याने तीन निवडणुका काढल्या. लोक म्हणत, याला जनतेची नाडी सापडली आहे. आईला फोनवर बोलताना मी ऐकत असे आणि मला हसावं की रडावं कळत नसे.

मग लिफ्टची निवडणूक आली. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका इमारतीची लिफ्ट चौथ्या मजल्यावरून कोसळली आणि आतल्या विमा एजंटाचे दोन्ही पाय मोडले. त्या वेळचा धाकट्याचा उमेदवार म्हणजे ज्यांना सगळे 'साहेब' म्हणत ते गृहस्थ. साहेब सज्जन नव्हते, आणि दुर्जन म्हणावं एवढा त्यांना उरकही नव्हता. लोकांना सांगण्यासारखं त्यांच्याकडे काहीही नव्हतं. धाकट्याने आईला फोन लावला.

"'वर गेलेला माणूस सुखरूप खाली येईल.' कसं वाटतं?"

"वर गेलेला काय म्हणतोस मेल्या! वर गेलेलं कुणी परत आलंय का? 'चढेल तो सुखरूप उतरेल' असं म्हण." आणि मग जरा थांबून, "खरंच करणार का रे ते हे?"

आईने असं विचारलं की वाक्य पास. साहेब निवडून आले, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी कायदाही केला. सरकारी तपासनिसाने दरवर्षी प्रत्येक लिफ्ट तपासायची, नादुरुस्त भाग कंपनीला पदरमोड करून बदलायला लावायचा, आणि त्याचा शिक्का नसेल तर लिफ्ट बंद. आमच्या लिफ्टचा दोर बदलला, दार बदललं, आत पहिल्यांदाच दिवा लागला. आई रोज दुपारी खाली जायला लागली. घरातून निघताना केस विंचरायची, आरशात बघायची. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात कुणी कुणाचं भलं केलेलं नाही आणि आमच्या धाकट्याने अख्ख्या गावाचं केलं, या विचाराने मला खरंच भरून येई. मी ते त्याला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "ताई, आकडे चांगले आले."

पुढच्या निवडणुकीच्या सुमाराला साहेबांच्या जावयाला राजकारणाची गोडी लागली आणि धाकट्याची खुर्ची गेली. तो काही रडत बसला नाही. ज्यांना निवडून आणलं ते सगळे आता कुठे ना कुठे खुर्चीवर होते. त्यांच्या दारापर्यंत पोचू न शकणारी पैसेवाली माणसंही गावात पुष्कळ होती. मध्ये फक्त एक माणूस हवा होता. त्याने उंच इमारतीत काचेची कचेरी घेतली आणि बाहेर पाटी लावली, 'धोरण संवाद केंद्र'. पैसे एकाकडून घ्यायचे आणि बोलायचं दुसऱ्याशी, याला संवाद म्हणतात, हे मला तिथे समजलं. कचेरीतले सोफे त्याने मुद्दाम बुटके घेतले होते. त्यात बसलेल्या माणसाला आपलं आपण उठता येत नसे. मग धाकटा स्वतः हात द्यायचा, आणि माणूस जाताना आभार मानून जायचा.

कामात तो वाघ होता, हे मान्य केलंच पाहिजे. कुठला सचिव कुणाचा साडू, कुठल्या मंत्र्याला दात दुखत असताना भेटायचं नाही, कोण फक्त गाडीपर्यंत चालतानाच ऐकून घेतो, हे सगळं त्याला तोंडपाठ. मंत्र्यांच्या पुढे उलट्या पावलांनी चालत बोलायची त्याला इतकी सवय झाली की घरी स्वयंपाकघरातून बाहेर येतानाही तो पाठमोराच यायचा. एकदा माझ्या हातातला गरम चहा त्याच्या पाठीवर सांडला. तरी त्याचं वाक्य तुटलं नाही.

आणि एके दिवशी त्या बुटक्या सोफ्यावर लिफ्ट कंपन्यांच्या संघाचे अध्यक्ष येऊन बसले. त्यांचं म्हणणं असं, की तपासनीस उठसूट भाग बदलायला लावतो आणि भुर्दंड कंपन्यांना. तेव्हा तपासणी जावी. लिफ्ट ठीक आहे असं कंपनीने आणि इमारतीतल्या रहिवाशांनी मिळून म्हटलं की ती ठीक. धाकट्याने त्यांना हात देऊन उठवलं आणि काम घेतलं.

मला कळलं तेव्हा मी त्याच्यावर अशी उखडले की शेजारणीने दार लावून घेतलं.

"अरे, तूच आणलेला कायदा ना तो?"

"म्हणून तर माझ्याकडे आले, ताई. ज्याने गाठ मारली त्यालाच ती सोडवता येते."

"जनाची नाही तर मनाची तरी ठेव!"

"मी कायदा काढत नाहीये गं. सुटसुटीत करतोय."

धाकटा कधी चिडत नाही. मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच येते.

आता कायदा सुटसुटीत करायचा म्हणजे त्याला लोकांना आवडेल असं नाव हवं, आणि नाव हवं म्हणजे आईला फोन हवा. त्या संध्याकाळी मी भाजी चिरत होते आणि फोन मोठ्या आवाजावर होता.

"आई, 'सक्तीच्या तपासणीतून मुक्ती'?"

"तपासणीतून कशाला मुक्ती? तपासलेलं बरं असतं."

"'उद्योगाला मोकळा श्वास'?"

"उद्योगाला काय दमा आहे?"

"'रहिवाशांवर विश्वास'?"

"हो रे, विश्वास ठेवायलाच हवा माणसाने. नाहीतर जगायचं कसं?"

तिकडे वाक्य पास झालं. मी सुरी खाली ठेवली आणि आईला तिथल्या तिथे सगळं सांगितलं. कशाला नाव हवंय, कोण पैसे देतंय, त्याने काय होणार, एकूण एक. तिला कळलं नाही असं कुणी म्हणू नये. ती चष्मा पुसत म्हणाली, "आपली लिफ्ट चांगली चालते की. आणि त्याच्या आईची लिफ्ट आहे ती. तो बघेल ना." मी म्हटलं, "आई, तो कुणाचंच बघत नाही." त्यावर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

कायद्याला नाव मिळालं, आता तो मागणारी जनता हवी होती. धाकट्याने 'विश्वासू रहिवासी मंच' काढला. अध्यक्ष आई. उपाध्यक्ष औषधवाल्याची सासू. पोस्टातल्या बाई सचिव. माझंही नाव घातलं होतं, ते मी भांडून काढायला लावलं. आईचा चष्म्यातला फोटो मंचाच्या पत्रकावर छापून आला. तो तिने आरशाच्या चौकटीत खोचला आणि बाकावर आठवडाभर दुसरा विषय निघाला नाही. तिला आवडलं होतं, यात काही खोटं नाही. आयुष्यभर ज्या बाईला कुणी काही विचारलं नाही तिला आता पत्रकार विचारत होते.

विधेयकावर सुनावणी ठेवली आणि समितीने मंचाच्या अध्यक्षांना बोलावलं. मी अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे माइक आणि पाण्याची बाटली, आणि समोर एका मोठ्या खुर्चीत आमची आई, पाय जमिनीला न टेकणारी. कोपऱ्यात धाकटा. त्याने तिला एवढंच शिकवलं होतं, थोडं बोल आणि हसून बोल.

समितीतल्या एक बाई वकील होत्या आणि विधेयकाच्या विरोधात होत्या. त्यांनी विचारलं, "आजी, तपासनीस येऊ नये असं तुम्हाला का वाटतं?"

"येऊ दे ना बापडा. पण तो आला की लिफ्ट बंद. मग मी वर अडकायचं की खाली, ते त्याच्या जेवणाच्या सुट्टीवर ठरतं."

सगळे हसले. वकीलबाई हसल्या नाहीत. "आणि तपासणी नसली आणि लिफ्ट पडली, तर?"

आईने मागे वळून धाकट्याकडे पाहिलं. तो गोड हसत होता. ती पुन्हा पुढे वळली.

"आपली माणसं आपल्याला पडू देत नाहीत हो," ती म्हणाली.

टाळ्या वाजल्या. अशा खोलीत टाळ्या वाजवायची पद्धत नाही, तरी वाजल्या. माझ्या डोळ्यांना धार लागली. शेजारच्या बाईंना वाटलं मी कौतुकाने रडतेय, त्यांनी मला रुमाल दिला. दुसऱ्या दिवशी आईचं ते वाक्य पेपरात होतं आणि महिन्याभरात तपासणी गेली.

आमच्या सोसायटीचे चेअरमन पहिल्या मजल्यावर राहतात. कंपनीचा माणूस त्यांच्याकडे चहा पिऊन गेला आणि लिफ्ट सुस्थितीत असल्याचं दोघांनी बसल्या जागी ठरवून टाकलं. तसा कागद लिफ्टच्या दारावर चिकटवला. आधी आतला दिवा गेला. मग दार अडायला लागलं. मग ती दोन मजल्यांच्या मध्ये थांबायला लागली, आणि एके दिवशी तळमजल्यावर येऊन बसली ती कायमची. कंपनी म्हणाली, या जातीचे भाग आता बनत नाहीत, नवी लिफ्ट घ्या. घ्यायची की नाही ते अर्थात रहिवाशांनी ठरवायचं. तसा कायदाच होता.

आई एकदा कठडा धरून उतरली. दुसऱ्यांदा तिसऱ्या मजल्यावर मटकन खाली बसली आणि तिथल्या लोकांनी तिला धरून धरून वर आणलं. तिसऱ्यांदा तिने नाव काढलं नाही. बाकावरच्या दोघींचेही गुडघे तिच्याच वयाचे, त्यांना वर येणं जमत नाही. त्या खालून हात हलवतात. आई खिडकीतून हात हलवते. काहीतरी ओरडून सांगतात, ते सहाव्या मजल्यावर ऐकू येत नाही. आई मला विचारते, "काय म्हणाली गं?" मी काहीतरी बनवून सांगते.

धाकट्याचे फोन चालू होते, पण आता आईला प्रत्येक वाक्य छान वाटायला लागलं. "छान आहे रे. तुला सुचलंय म्हणजे छानच असणार." त्यातली दोन वाक्यं बाहेर जाऊन सपशेल आपटली आणि धाकट्याला लिफ्टची आठवण झाली. त्याला आईचा पुळका आला की धंद्याचा, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. त्याने तिला स्वतःच्या घरी चल म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "तिथे मला कोण ओळखतं?" मग त्याने नव्या लिफ्टसाठी सोसायटीची सभा बोलवायला लावली.

सभा खाली पार्किंगमध्ये झाली, त्यामुळे आईला येता आलं नाही. मंत्र्यांना वळवणारा आमचा धाकटा दोन मोटारींच्या मधे उभा राहून बोलायला लागला. "मित्रहो, लिफ्ट ही केवळ सोय नाही, तो आपल्या..."

"थांबा जरा," तळमजल्याचा शिंपी म्हणाला. "मला सांगा, तळमजल्यावरच्या माणसाने लिफ्टचे पैसे का द्यायचे? मी कुठे जाऊ तिच्यातून?"

वरच्या मजल्यांवर बहुतेक भाडेकरू. त्यांना मत नाही. त्यांच्या मालकांनी आपलं मत चेअरमनला देऊन ठेवलेलं. धाकट्याने ते आधी बघितलं नव्हतं. मंत्रालयातला कोण कुणाचा साडू ते त्याला पाठ होतं, पण स्वतःच्या आईच्या इमारतीत कोण राहतं ते त्याला माहीत नव्हतं. तो एकेकाच्या पुढे उलट्या पावलांनी चालून पाहायला गेला आणि एका स्कूटरवर आपटला.

चेअरमन खुर्चीतूनच म्हणाले, "तुमच्या मातोश्री त्या दिवशी फार सुंदर बोलल्या. रहिवाशांवर विश्वास ठेवावा. मग ठेवा ना आमच्यावर." आणि हात वर करायला सांगितले. नवी लिफ्ट नामंजूर झाली. धाकटा साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, आम्ही निर्णय रहिवाशांच्या हातात दिलाय, आता आमचा हात तिथे कसा चालणार? संघाच्या अध्यक्षांनी त्याला चहा पाजला आणि दारापर्यंत सोडायला आले.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी त्याचा फोन आला. "आईला तयार ठेव. आज तिला बाकावर नेतो." आई उठून केस विंचरायला बसली. मला म्हणाली, "बघ, केली की नाही त्याने लिफ्ट चालू?" मला काहीच माहीत नव्हतं. खिडकीतून पाहिलं तर खाली त्या दोघी आधीच येऊन बसल्या होत्या, मधली जागा मोकळी सोडून.

दार वाजलं. धाकटा आत आला, घामाने निथळत. त्याच्या मागे चार दणकट माणसं. सामान हलवणाऱ्या कंपनीची असावीत, अंगात एकसारखे सदरे. बरोबर दांडे लावलेली एक खुर्ची.

"आई, बस हिच्यात," तो म्हणाला. "हे चौघं तुला अलगद खाली नेतील. धक्कासुद्धा लागणार नाही."

आईने खुर्ची पाहिली. मग त्या चौघांना एकेक करून पाहिलं. हातातला कंगवा तिने खाली ठेवला.

"चौघांनी उचलून न्यायची पाळी एकदा येणारच आहे रे," ती म्हणाली. "ती आजच नको आणूस."

त्या माणसांपैकी एकाने खुर्ची हळूच भिंतीला टेकवली. आई त्यांना म्हणाली, "सहा मजले चढून आलात, बसा, चहा घेऊन जा," आणि स्वयंपाकघरात गेली. धाकटा दारातच उभा होता. खाली बाकावरच्या दोघी खिडकीकडे बघून हात हलवत होत्या.

"ताई," तो हलक्या आवाजात म्हणाला, "खाली जाऊन त्या दोघींना काय सांगू?"

"काय झालं ते सांग," मी म्हटलं.

तो जिन्याने निघाला. चहाचे कप घेऊन मी बाहेर आले तेव्हा तो पहिल्याच वळणावर पायरीवर बसलेला होता.